वजनात बसवताना

कोल्हापूर जिल्ह्यात काटा म्हटलं की आधी ऊस आठवतो. कारखान्याच्या दारातली ट्रॅक्टरांची रांग, भरल्या ट्रॉलीचं वजन, रिकाम्या ट्रॉलीचं वजन आणि काटा मारला की नाही यावरून दर हंगामात होणारी हुज्जत. पंचगंगेकाठच्या एका तालमीत मी पैलवानांच्या वजनाबद्दल विचारायला गेलो, तेव्हा तिथल्या वस्तादांनी सुरुवात तिथूनच केली. "आमच्या वेळी काटा उसाला हुता," ते म्हणाले. "पोरांना न्हवता."

जत्रेच्या मैदानात जोड लागायची ती नजरेनं. दोन पोरं शेजारी उभी करायची. जुन्या जाणत्यांनी त्यांची मान, खांदे, मांड्या बघायच्या, कोण कुणाचा पठ्ठा, गेल्या जत्रेत कुणी कुणाला आस्मान दाखवलं याचा हिशेब मनातल्या मनात करायचा आणि हाताला हात लावून द्यायचा. पोर 'अंगावर आलं' ही तेव्हा गावभर सांगायची गोष्ट होती. घरातली एक म्हैस त्याच्या नावची. दूध, तूप, बदाम घोटून केलेली थंडाई, मटणाचं अळणी. खुराकापायी कर्ज काढलेली घरं या पट्ट्यात शोधावी लागत नाहीत. वजन वाढवण्यासाठी घर धुऊन निघालं, अशी ती गोष्ट असायची. वजन उतरवण्यासाठी पोरानं पाणी सोडलं, ही गोष्ट वस्तादांच्या पिढीला अजूनही विचित्र वाटते. "उपास म्हणावा तर खिचडी न्हाई, एकादस म्हणावी तर विठ्ठल न्हाई. मग ह्यो कुठला देव?"

आज त्यांच्या तालमीत लाल मातीच्या हौद्याशेजारच्या खोलीत गादी अंथरलेली आहे आणि खोलीच्या कोपऱ्यात एक इलेक्ट्रॉनिक काटा. 'महाराष्ट्र केसरी'तही माती विभाग आणि गादी विभाग असे दोन भाग असतात. गादीबरोबर गुण आले, घड्याळ आलं आणि वजनगट आले. यातली वजनगटाची कल्पना मुळात न्यायाची. ती नसती तर कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांसारख्या लहान चणीच्या माणसाला जगाच्या मैदानात उभं तरी कोण करणार होतं? १९४८ साली लंडनला ५२ किलो गटात ते सहावे आले, १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

पण या न्यायात एक फट आहे. साठ किलोचा पैलवान सत्तावन्नच्या गटात शिरला, तर तिथे तो सगळ्यांत दणकट ठरेल, असं त्याला आणि त्याच्या प्रशिक्षकाला वाटतं. समोरच्यालाही नेमकं तेच वाटत असतं. सगळेच तीन किलो उतरवून आले की फायदा कुणालाच उरत नाही, भूक मात्र सगळ्यांच्या वाट्याला येते.

तालमीतल्या पोरांच्या तोंडी याला 'वजन काढणं' म्हणतात. काढायचं म्हणजे बहुतेक पाणीच काढायचं. चरबी महिनोन् महिने सावकाश उतरते. स्पर्धेच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत जे झपाट्यानं जातं ते पाणी, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, सरळ हिशेब. भात-भाकरी बंद केली की स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा संपतो आणि त्याच्या एकेका ग्रॅमनं धरून ठेवलेलं सुमारे तीन ग्रॅम पाणीही सुटतं. मीठ बंद. काहीजण आधी चार दिवस भरमसाट पाणी पितात, मूत्रपिंडांना जास्त लघवी करायची सवय लावतात आणि मग पाणी एकदम तोडतात. प्लास्टिकचा सूट, त्यावर जर्किन, मग धावणं. सौना. शेवटच्या तासाला चिंगम चघळून थुंकत बसणं, कारण थुंकीलाही वजन असतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या ('वाडा') बंदी यादीत आहेत, त्या घेतल्या तर उत्तेजक चाचणीत पकडतात. तेच पाणी घामावाटे काढलं तर पकडत नाहीत.

शरीराला हा फरक कळत नाही. रक्तातलं पाणी घटलं की हृदयाला तेवढंच काम जास्त ठोके मारून करावं लागतं, घाम येईनासा झाला की अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. १९९७च्या ७ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर या जेमतेम महिन्याभरात अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांतले तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असेच गेले. तिघेही रबरी सूट घालून, गरम जागेत व्यायाम करून वजन काढत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनं नियमच बदलले. रबरी सूट आणि सौना बंद. वजन मोजण्याची वेळ कुस्तीच्या अगदी जवळ आणली, म्हणजे मधल्या काळात पाणी पिऊन भरपाई करण्याची सोयच राहिली नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला लघवीची घनता तपासून, शरीरात पाणी पुरेसं आहे याची खात्री करून, चरबीचं प्रमाण मोजून प्रत्येकाचं किमान वजन ठरवायचं. त्याखालच्या गटात त्याला उतरताच येत नाही, मनात कितीही असलं तरी. हे नियम मरणानंतर आले हे खरं, पण त्यांनी मेलेल्या पोरांच्या निर्धाराची गाणी गायली नाहीत. गट निवडण्याचा बेबंद अधिकार तेवढा काढून घेतला.

आता पॅरिस ऑलिम्पिककडे वळायला हवं, कारण आपल्याकडे हा विषय घराघरांत पोचला तो ७ ऑगस्ट २०२४च्या सकाळी.

आदल्या दिवशी विनेश फोगटनं तीन कुस्त्या जिंकल्या होत्या. पहिली युई सुसाकीविरुद्ध. ही जपानी मल्ल तोवर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एकदाही हरली नव्हती. संध्याकाळी उपान्त्य फेरीत क्यूबाच्या युस्नेलिस गुझमानला ५-० हरवून विनेश अंतिम फेरीत गेली. गट ५० किलोचा. २०१८पासून जागतिक कुस्ती संघटनेच्या स्पर्धांत एकेक गट दोन दिवस चालतो आणि दोन्ही सकाळी वजन होतं. पहिल्या दिवशी वजनात बसलेल्या मल्लाला त्याच दिवशी तीन कुस्त्या लढायच्या तर खावं-प्यावं लागतंच. भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी नंतर सांगितलं की दिवसभरात दीड किलोच्या आसपास खाणं-पिणं पुरेल असा आहारतज्ज्ञांचा हिशेब होता. प्रत्यक्षात संध्याकाळी वजन २.७ किलो जास्त भरलं. मग रात्रभर पाणी नाही, अन्न नाही, नुसता व्यायाम आणि सौना. तिचे हंगेरियन प्रशिक्षक वोलर आकोस यांनी त्या रात्रीचं वर्णन फेसबुकवर लिहिलं होतं, पुढे ते काढून टाकलं. पन्नास मिनिटं सौनात बसूनही घामाचा थेंब आला नाही. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत यंत्रांवर आणि गादीवर व्यायाम, मध्ये दोन-तीन मिनिटांची विश्रांती. ती कोसळली, तिला उठवलं, पुन्हा सुरू. ती मरेल की काय अशी भीती आपल्याला वाटली, असं त्यांनी लिहिलं होतं. केस कापले, कपडे तोकडे केले. सकाळी काट्यानं ५० किलो १०० ग्रॅम दाखवलं. एका कटिंग चहाइतकं जास्त.

नियमाप्रमाणे ती अपात्र तर ठरलीच, शिवाय जिंकलेल्या तीन कुस्त्यांसकट यादीत सगळ्यांत शेवटी गेली. क्रीडा लवादाकडे दाद मागितली, हरीश साळवे उभे राहिले, १४ ऑगस्टला दावा फेटाळला गेला. लवादाच्या सविस्तर निकालपत्रात मात्र एक वेगळी नोंद आहे. खेळाडूनं काहीही गैर केलेलं नसताना होणारे हे परिणाम फारच कठोर आहेत, असं मत लवादानं नोंदवलं आणि तरी नियम तो नियम म्हणून हात वर केले. मासिक पाळीपूर्वी शरीरात पाणी साठतं हा मुद्दाही विनेशच्या बाजूनं मांडला गेला होता. तोही वजनाच्या मर्यादेपुढे टिकला नाही.

दोषाची वाटणी सुरू झाली तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्ष पी. टी. उषा यांनी स्पष्ट केलं की वजनाची जबाबदारी खेळाडू आणि तिच्या प्रशिक्षकाची, संघटनेनं नेमलेल्या वैद्यकीय पथकाची नव्हे. डॉक्टरांवर झालेली चिखलफेक चुकीची होती, तिथवर त्यांचं म्हणणं मला पटतं. पण विनेश ५० किलोत होती कशी, हा प्रश्न त्या वाटणीत कुठेच बसत नाही. ती काही वर्षं ५३ किलोत लढत होती. ५३ किलोचा पॅरिसचा कोटा अंतिम पंघालनं २०२३च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून देशाला मिळवून दिला होता. जागतिक स्पर्धेत महिलांचे दहा वजनगट असतात, ऑलिम्पिकमध्ये सहाच: ५०, ५३, ५७, ६२, ६८, ७६. एका गटात एका देशाची एकच. म्हणजे विनेशपुढे वाटा दोनच, तीन किलो खाली किंवा चार किलो वर. शिवाय २०१६ साली, ४८ किलोत लढत असताना, उलानबातरच्या ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत ४०० ग्रॅम जास्त भरल्यामुळे ती बाद झालेली होती. धोका माहीत होता, सगळ्यांनाच. गटांची संख्या ऑलिम्पिक समितीची, दोन सकाळचा नियम जागतिक संघटनेचा, निवडीचं धोरण राष्ट्रीय संघटनेचं, आहाराचा हिशेब तज्ज्ञांचा. काट्यावर चढली ती एकटी.

विनेश बाद झाल्यानंतर दोनच दिवसांनी अमन सेहरावतनं ५७ किलोत कांस्य घेतलं आणि वर्तमानपत्रांनी मोठ्या कौतुकानं छापलं की उपान्त्य फेरीनंतर त्याचं वजन ६१.५ किलो भरलं होतं, ते त्यानं दहा तासांत ४.६ किलो उतरवलं. रात्रभर गादीवर कुस्ती, गरम पाण्याची अंघोळ, ट्रेडमिल, सौनाचे पाच-पाच मिनिटांचे फेरे. विनेशच्या रात्रीचीच ही प्रत, फक्त तिचा शेवट काट्याच्या बऱ्या बाजूला झाला. त्याच्या सहा वर्षं आधी मुष्टियोद्धा मेरी कोमचीही अशीच बातमी आली होती. २०१८च्या सप्टेंबरमध्ये पोलंडला पहाटे उतरल्यावर वजन दोनेक किलो जास्त निघालं, चारच तास हातात होते, तिनं तासभर अखंड दोरीवरच्या उड्या मारल्या, वजनात बसली आणि सुवर्णपदक घेऊन आली. ही गोष्ट प्रेरणादायी भाषणांत अजून सांगितली जाते. मीही ती एका शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगितली आहे, टाळ्या घेतल्या आहेत. समोर चौदा-पंधरा वर्षांची मुलं बसली होती.

अमनच्या गोष्टीचा दुसरा भाग भाषणांत येत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत त्याच गटात त्याचं वजन १.७ किलो जास्त भरलं आणि तो न लढताच बाद झाला. भारतीय कुस्ती महासंघानं त्याच्यावर एक वर्षाची बंदी घातली. पुढे ती मागे घेतली. पॅरिसला ४.६ किलो उतरवणं हा निर्धार होता आणि झाग्रेबला १.७ किलो न उतरणं ही बेशिस्त झाली. शरीर तेच, वयानं एक वर्षानं वाढलेलं.

'निर्धार' या शब्दापाशी आपल्याला खेळाच्या मानसशास्त्राकडे वळावं लागतं. या विद्येचा आरंभ साधारणपणे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात धरतात. तिथे कोलमन ग्रिफिथनं १९२५ साली प्रयोगशाळा काढली, १९३८ साली शिकागो कब्ज या बेसबॉल संघानं त्याला नेमलं, आणि संघाच्या व्यवस्थापकानं त्याला काही जवळ केलं नाही. आता तशी परिस्थिती नाही. मोठ्या संघांबरोबर मानसतज्ज्ञ असतात, आपल्याकडच्या अकादम्यांतही येऊ लागले आहेत. ध्येय ठरवणं, स्वतःशी बोलणं, डोळे मिटून पुढची कुस्ती पाहणं, श्वासावर लक्ष ठेवणं ही त्यांची साधनं. कुस्तीत दोन गुणांनी मागे पडलेल्या पोराला ती खरोखर उपयोगी पडतात.

अडचण अशी की हीच साधनं तहानेवरही चालतात. 'आणखी एक तास, तू करू शकतेस' हे वाक्य शेवटच्या मिनिटाला लढणाऱ्या मुलीलाही सांगता येतं आणि सौनात बसलेल्या मुलीलाही. तहान लागणं, गरगरणं, पाय लटपटणं या शरीराच्या सूचना आहेत. त्यांना 'नकारात्मक विचार' ठरवून हाकलून लावायला शिकवलं, तर ते शिकवणाऱ्यानं मनाचं प्रशिक्षण दिलं की शरीराची धोक्याची घंटा कापली? या क्षेत्रातल्या नीतीचा मला कळलेला पहिला प्रश्न हा आहे, आणि कणखरपणा या लाडक्या शब्दाखाली तो बहुधा झाकला जातो.

दुसरी गोष्ट याहून सोपी आणि म्हणूनच दुर्लक्षित. भूक स्वतःच मन बदलते. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपाशी युरोपला परत कसं खाऊ घालायचं हे त्यांना शोधायचं होतं. पुरुषांचं वजन चौथ्या हिश्शानं घटलं. पण वाचताना लक्षात राहतं ते दुसरंच. ही माणसं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताट चाटू लागली, चिडचिडी, उदास आणि एकलकोंडी झाली, कशातच लक्ष लागेना. एकानं कुऱ्हाडीनं स्वतःची बोटं तोडली. आता विचार करा, 'एकाग्रता होत नाही, चिडचिड होते' म्हणून एखादी कुस्तीगीर मुलगी मानसतज्ज्ञासमोर बसली आहे. पहिला प्रश्न 'सकाळपासून काय खाल्लंस?' हा असायला हवा. त्याऐवजी तिला श्वासाचा व्यायाम शिकवला, तर उपचार चुकला आणि वर उपाशी ठेवणारी व्यवस्था तशीच सुखरूप राहिली.

क्रीडावैद्यकात याला आता नाव आहे. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी 'रेड-एस' ही संज्ञा मांडली. खर्चाच्या मानानं शरीराला अन्नातून मिळणारी ऊर्जा सतत कमी पडली की काय काय बिघडतं, त्याचं हे एकत्र नाव. मुलींची पाळी थांबते, हाडांना बारीक तडे जातात, आजारपणं वाढतात, मन खचतं. मुलांनाही होतं, फक्त पाळीसारखी ठळक खूण नसल्यानं उशिरा कळतं. आपल्या मैदानांवर पाळी थांबणं अजूनही 'ट्रेनिंग चांगलं चाललंय' याची खूण समजलं जातं. मुली ते आपापसात सांगतात, प्रशिक्षक पुरुष असला तर त्याला सांगत नाहीत. २०२३ साली सांगलीला महिलांची पहिली 'महाराष्ट्र केसरी' झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, गावोगावच्या तालमींत मुली येऊ लागल्या. त्यांच्याशी या विषयावर बोलणारं माणूस मात्र बहुतेक तालमींत नाही.

असलं तरी ते माणूस कुणाचं, हा प्रश्न राहतोच. मेरी केन ही अमेरिकन धावपटू १७ वर्षांची असताना २०१३च्या जागतिक स्पर्धेत धावली आणि त्याच वर्षी नायकेच्या ओरेगन प्रकल्पात अल्बर्टो सालाझार यांच्याकडे गेली. नोव्हेंबर २०१९मध्ये तिनं 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या व्हिडिओत सांगितलं की ११४ पौंड हा आकडा तिच्यासाठी ठरवून टाकला होता, संघातल्या इतरांसमोर तिचं वजन करून तिला लाजवलं जाई, तीन वर्षं पाळी आली नाही, पाच हाडं मोडली. एका शर्यतीनंतर तिनं प्रशिक्षकाला आणि संघाच्या मानसतज्ज्ञाला सांगितलं की ती स्वतःच्या अंगावर जखमा करून घेते आहे. तिच्या म्हणण्यानुसार दोघांनाही झोपायला जायची घाई होती. तिथे प्रमाणित क्रीडा मानसतज्ज्ञ नव्हताच, प्रमाणित आहारतज्ज्ञही नव्हता, होते ते प्रशिक्षकाचे मित्र, असंही ती म्हणाली. सालाझार यांनी छळाचे आरोप नाकारले; आपलं काही बोलणं असंवेदनशील ठरलं असेल, एवढं त्यांनी नंतर म्हटलं. केननं लावलेला दावा २०२३ साली तडजोडीनं मिटला. या प्रकरणात मला सगळ्यांत अस्वस्थ करते ती त्या प्रसंगाची मांडणी. मुलगी मनातलं सांगते आहे आणि ऐकायला प्रशिक्षक आणि मानसतज्ज्ञ दोघेही आहेत. तिथे गुप्तता भंग पावण्याचाही प्रश्न नव्हता, कारण ती जन्मालाच आली नव्हती.

हा प्रसंग आपल्याकडे आणून पाहू; गाव-नाव काही नको, निव्वळ कल्पना. निवासी अकादमी, आठवड्यातून एकदा येणारी मानसतज्ज्ञ, तिचं मानधन अकादमी देते. सोळा वर्षांची मुलगी तिला सांगते, "ताई, जेवल्यावर मी उलटी काढते. पाच महिने पाळी नाही. सरांना सांगू नका." ताई बाहेर येतात. दारातच सर उभे. "काय म्हणतीय? डोकं ठिकाणावर आहे ना? पुढच्या महिन्यात ट्रायल आहे."

गप्प बसावं तर मुलीचा जीव धोक्यात. सांगावं तर ती पुन्हा कुणाशीच बोलणार नाही, आणि कदाचित ट्रायलमधूनच वगळली जाईल, म्हणजे खरं बोलल्याची शिक्षा. क्रीडा मानसतज्ज्ञांच्या संघटनांच्या आचारसंहिता या पेचावर बरंच काही सांगतात: गुप्तता, स्वतःच्या कुवतीची मर्यादा ओळखून रुग्णाला योग्य जागी पाठवणं, एकाच वेळी दोन नाती न ठेवणं. मला मात्र वाटतं की दारात उभं राहून सुटावा असा हा पेच नाही. मानधनाच्या कागदावर सही झाली त्या दिवशीच तो सुटायला हवा होता. सरांना काय कळेल आणि काय कळणार नाही, हे तेव्हाच लिहून घ्यायचं. मुलीलाही पहिल्याच भेटीत तिच्या भाषेत सांगायचं की तुझ्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प राहणार नाही, पण आधी तुला सांगेन, तुझ्या आई-वडिलांशी बोलेन, डॉक्टरकडे नेईन. सरांना एवढंच कळेल की सध्या वैद्यकीय कारणानं हिला वजन कमी करायला लावायचं नाही. उलटीचं, पाळीचं काही नाही. आणि अकादमीला हे मान्य नसेल तर ते काम घ्यायचं नाही. बोलायला सोपं आहे, कबूल. महिन्याचं मानधन ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यांनी ते करून दाखवायचं असतं.

कायदा इथे अर्धाच मदतीला येतो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३व्या कलमानं मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गुप्ततेचा हक्क दिला आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पण 'मेंटल कोच', 'माइंड ट्रेनर', 'परफॉर्मन्स गुरू' अशी पाटी लावायला तशी नोंदणी कुणी मागत नाही. दोन दिवसांची कार्यशाळा करून आलेला मनुष्यही मुलांच्या खोलीत बसू शकतो. त्यातले काही मनानं चांगले असतीलही. खाण्याच्या विकाराची लक्षणं ओळखायला चांगलं मन पुरत नाही.

नियम बदलता येतात, हे स्की जंपिंगनं दाखवलंय. तिथे हलकं शरीर हवेत लांब तरंगतं, म्हणून खेळाडू धोकादायकरीत्या रोडावत चालले होते. २००४ साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं उंचीच्या मानानं ठरावीक मर्यादेपेक्षा वजन कमी असणाऱ्याची स्की आखूड केली. स्की आखूड म्हणजे हवेचा आधार कमी. हडकुळेपणाचा फायदा एका हातानं मिळाला की दुसऱ्या हातानं काढून घ्यायचा, अशी ती युक्ती. त्यानं रोग नाहीसा झाला असं नाही, पण त्याला मिळणारं बक्षीस घटलं. कुस्तीत आपल्याला हे करता येणार नाही असं मानायला मला कारण दिसत नाही. चौदा वर्षांखालच्या शालेय स्पर्धांपासून सुरुवात करता येईल. वाढत्या वयाच्या पोराला वर्षभर एकाच वजनगटात कोंडायचं नाही. हंगामाच्या सुरुवातीला डॉक्टरसमोर, पोटभर पाणी प्यायलेलं असताना त्याचं किमान वजन लिहून घ्यायचं. खर्च म्हणाल तर एक काटा आणि लघवी तपासायचं एक छोटं यंत्र.

हे मी वस्तादांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पटलं की नाही कळलं नाही. संध्याकाळची मेहनत संपत आली होती. मातीतली पोरं अंग झाडत बाहेर येत होती, गादीवरची पोरं काट्यापाशी रांगेत. एकजण लंगोटावर चढला, आकडा बघितला, उतरला, दोन श्वास सोडून परत चढला. आकडा तोच.

"किती?" वस्तादांनी विचारलं.

"चारशे जास्त हाय."

"शनवारला चार दिस हायत. पाणी तोडू नगंस. वरच्या गटात लढ की लेका."

पोरानं गादीच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. तिथे त्याच्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा एक पैलवान पाठ टेकून बसला होता.

"वर आपलाच दादा हाय, वस्ताद."

वस्ताद काही बोलले नाहीत. पोरानं खुंटीवरचं जर्किन काढलं, अंगात चढवलं, गळ्यापर्यंत चेन ओढली आणि तो पळायला बाहेर पडला.